टोपीखालचा कोळी

लग्न होऊन मी गुहागरला आले १९९७ साली. माहेर पंढरपूर तालुक्यातलं, काळ्या रानातलं. आमच्याकडे नारळ ही दुकानातून आणायची वस्तू. सणाला एक आणायचा, फोडायचा, अर्धी वाटी शेजारी द्यायची आणि उरलेल्याची चटणी दोन दिवस पुरवायची. इथे खालच्या पाटात घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की आगर, आगर संपलं की सुरू आणि सुरू संपले की समुद्र. सत्तावीस माड, मधे पोफळी, विहीर, पाट. पहिले काही महिने मी आगरात डोक्यावर हात धरून चालायचे. सासूबाई हसायच्या. "अगो, माडाला डोळे असतात. माणसाच्या डोक्यात नाही घालायचा तो." मग एकदा न्हाणीघराच्या पत्र्यावर भर दुपारी नारळ पडला आणि पत्रा फुटला, तेव्हा म्हणाल्या, "पत्रा म्हणजे काय माणूस आहे?"

दर दीड-दोन महिन्यांनी पाडणी व्हायची. तात्या (माडावर चढणारे, वय तेव्हाच साठीचं, पण खारीसारखे वर जायचे) वरून पेंडी सोडायचे आणि खाली आम्ही गोळा करायचो. मग ओटीच्या पायरीवर बसून आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) नारळांचे तीन ढीग लावायच्या. देवाचे, विकायचे, घरचे. देवाचे म्हणजे असोले (न सोललेले), अंगावर डाग नसलेले, कानाशी धरून हलवले की पाणी बोलणारे. गौरी-गणपतीला, नवसाला, व्याडेश्वराला हेच जायचे. विकायच्या ढिगात चांगले मोठे. घरचे म्हणजे वाकडे, लहान, उंदरानं कुरतडलेले. घरचा ढीग नेहमी सगळ्यात लहान असायचा, इतका की आमटीला नारळ हवा असला तरी कधी कधी विकायच्या ढिगातला चोरावा लागे. हिशेबाची वही माझ्याकडे आली, कारण मी "घाटावरची, हिशेबाला पक्की". हे कौतुक होतं की टोमणा, ते अजून मला कळलेलं नाही.

त्या वहीत २००३ च्या मार्चमध्ये माझ्या अक्षरात एक शब्द आहे, "कोळी", आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह.

झालं असं की नेहमीचा दलाल टेम्पो घेऊन आला. एरवी तो मोजायला बसायचा. त्या दिवशी त्यानं एक नारळ उचलला, देठाची बाजू वर केली, नख लावून खरवडून पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, कोळी पडलाय. शेकड्याचा भाव वेगळा होईल." देठाच्या टोपीपासून खाली एक तपकिरी डाग आला होता, वर रुंद आणि खाली निमुळता. काहींवर तो डाग सुकून भेगाळला होता, माणसाच्या टाचा फुटतात तसा. एक-दोन नारळांवर भेगेतून डिंकासारखं काहीतरी ओघळून घट्ट झालं होतं. त्यानं निम्मे बाजूला काढले. आईंनी तोंडातून शब्द काढला नाही, पण टेम्पो गेल्यावर त्या बाजूला काढलेल्या ढिगाकडे बघत बराच वेळ बसून राहिल्या. तिन्हीपैकी कुठल्या ढिगात ते घालायचे हेच त्यांना ठरवता येईना.

कोळी मला नवा नव्हता. माहेरी आमच्या अण्णांची द्राक्षबाग होती आणि बांधाला वांगी. उन्हं तापायला लागली, हवा कोरडी झाली की "लाल कोळी आला" हे घरात रोज ऐकू यायचं. अण्णांची तपासायची पद्धत साधी. वहीचा पांढरा कागद पानाखाली धरायचा आणि पानावर बोटानं टिचक्या मारायच्या. कागदावर धुळीचे ठिपके पडतात. धूळ पडून राहते. ठिपके चालायला लागले तर समजायचं कोळी. मग कागदावरून बोट फिरवायचं, लालसर रेघ उमटते. पानं आधी बारीक टाचणीनं टोचल्यासारखी पांढरट दिसतात, मग विटकरी होतात, आणि फार झालं की शेंड्यांवर जाळं चढतं. वांग्याच्या शेंड्यावर तर असं दाट की सकाळी दवानं चकाकायचं. आठ पाय, जाळं विणणारा, म्हणून कोळी. नाव अगदी बरोबर.

तर मी त्या दुपारी वहीचा कागद घेऊन आगरात गेले आणि हाताला येतील त्या झापांखाली धरून टिचक्या मारत हिंडले. जाळं शोधलं. दोन माश्या, एक मुंगी आणि भरपूर धूळ, एवढं सापडलं. नवऱ्यानं ओटीवरून विचारलं, "काय, माडाला वारा घालतेस?" कुठेच जाळं नाही. दलालानं भाव पाडायला ही थाप मारली असणार, असं आमचं एकमतानं ठरलं. गावात आणखी चार घरी तेच ऐकू आलं तेव्हा त्या एकमताला तडा गेला.

त्यानंतरची सहा-सात वर्षं आम्ही जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण त्यासाठीच हे लिहायला बसलेय. आम्ही डागाला औषध मारलं. डाग दिसला की फवारा. बांबूला नळी बांधून, खाली पायपंप, वर तात्या. एका दुकानदारानं एक बाटली दिली, पुढच्या वर्षी दुसरी दिली, तिसऱ्या वर्षी दोन्ही एकत्र करायला सांगितल्या. खाली उभं राहून पंप मारणाऱ्याच्या अंगावर निम्मं औषध यायचं. डागाला काही होत नव्हतं. डाग कसा जाईल? पण ते कळायला मला माझं स्वतःचं नख दारात चेंगरावं लागलं.

खरंच सांगते. कोठीच्या दारात अंगठा सापडला. नखाच्या मुळाशी काळंनिळं झालं. दुखणं आठ दिवसांत थांबलं, पण तो काळा डाग दोन-तीन महिन्यांनी नखाच्या मध्यावर आला, आणि पुढे कधीतरी टोकाला येऊन कापला गेला. त्याच सुमारास रत्नागिरीला एका लग्नाला जायचं होतं. तवसाळहून फेरीबोटीनं जयगडला उतरून गेलो, आणि दुसऱ्या दिवशी मी हट्टानं नवऱ्याला भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात घेऊन गेले. पिशवीत आमचे चार डागाळलेले नारळ होते. तिथल्या साहेबांनी ते हातात घेतलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "ताई, हे कशाला आणलेत? यात कोळी कुठे असणार आता? लहान बोंडं आणायची होतीत."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मी सारखी माझ्या नखाकडे बघत होते.

हा कोळी पानावर राहतच नाही. नारळाच्या देठाला ज्या पाकळ्या घट्ट चिकटलेल्या असतात, ज्यांना आम्ही टोपी म्हणतो, त्या टोपीच्या आत राहतो. पोय (माडाचा फुलोरा) फुटली, फळ धरलं की पहिला महिनाभर टोपी आणि बोंड यांच्यात फटच नसते. मग बोंड वाढायला लागतं आणि केसभर जागा होते. तेवढ्यातून हा आत शिरतो. लांबी मिलिमीटरचा पाचवा हिस्सा, आणि जाडी त्याच्याही चौथाई-पाचवा हिस्सा. त्याला केसभर जागा म्हणजे कोठीचं दार. आत नारळाचं सगळ्यात कोवळं अंग असतं, कारण नारळ तिथूनच वाढतो, टोपीखालून बाहेर सरकत. तिथे हा बसून रस शोषतो. आधी टोपीच्या कडेला फिकट पांढरट त्रिकोण दिसतो. जखम झालेलं ते कातडं जसं टोपीबाहेर येतं तसं वाळून तपकिरी होतं, आणि आतला नारळ फुगत जातो तसं फाटतं. म्हणजे माझ्या अंगठ्यासारखंच. मार मुळाशी, डाग टोकाला.

फूल आल्यापासून नारळ पिकायला साधारण बारा महिने लागतात. कोळ्याची गर्दी असते ती तीन ते सहा महिन्यांच्या बोंडांत. पुढे कातडं निबर होतं, खायला काही उरत नाही, तो वाऱ्यावर स्वार होऊन वरच्या नव्या पेंडीत जातो. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात आणि एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते, त्यामुळे एका बोंडाच्या टोपीखाली हजारोंनी असू शकतात. आणि आम्ही सहा-सात वर्षं, भाडेकरू कधीच सोडून गेलेल्या खोलीच्या भिंतीवर औषध मारत होतो.

केंद्रातून निघताना मी एक बाळबोध प्रश्न विचारला. "साहेब, जाळं विणत नाही तर याला कोळी का म्हणायचं?" ते हसले. म्हणाले, कुळ कोळ्याचंच, पण लांबचं. आणि याला पाय पण आठ नाहीत, चारच. तेही सगळे पुढे. मागचं शरीर नुसतं अळीसारखं.

चार पायांचा, न विणणारा कोळी! मी घरी आल्यावर अण्णांना फोन केला. त्यांना पहिल्यांदा पटलं नाही. "चार पायाचा कोळी म्हंजी मग म्हैसच की गं," म्हणाले.

नाव त्याचं इरिओफाईड कोळी. शास्त्रीय नाव आसेरिया ग्वेरेरोनिस, मेक्सिकोच्या ग्वेरेरो राज्यावरून पडलेलं. कायफर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं तिथल्या नारळांवरून १९६५ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याच दशकात ब्राझील आणि पश्चिम आफ्रिकेतही तो सापडला. श्रीलंकेत १९९७ च्या अखेरीला, आणि भारतात १९९८ मध्ये, केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात. तिथून कर्नाटक, तमिळनाडू, गोवा आणि आमचा किनारा. म्हणजे मी गुहागरात आले आणि तो भारतात आला, यात एकाच वर्षाचं अंतर. आम्ही दोघंही बाहेरून आलेले. त्याला रुळायला कमी वेळ लागला.

यातली एक गंमत मला फार आवडते. माड मूळचा अमेरिकेतला नाही. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर तो पॅसिफिकपलीकडून स्पॅनिश जहाजांतून गेला, आणि अटलांटिकच्या बाजूला हिंदी महासागराकडचा नारळ पोर्तुगीजांनी नेला. कोळ्याचं मूळ मात्र अमेरिकेतच असावं असं शास्त्रज्ञ मानतात; तिथल्या दुसऱ्या कुठल्यातरी ताडकुळातल्या झाडावर तो असणार आणि हा नवा पाहुणा आल्यावर याच्या टोपीखाली शिरला असणार. आपल्या बाजूचा नारळ तिकडे गेला, चारशे-पाचशे वर्षांनी तिकडचा कोळी घेऊन परत आला. आईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हुंड्यात काय आलं बघा."

मला तो प्रत्यक्ष बघायचा होता. साध्या भिंगातून काही कळत नव्हतं, पांढुरकी भुकटी दिसायची एवढंच. मुलगा पुण्याला शिकायला होता तेव्हा त्यानं खिशात मावणारं एक छोटं सूक्ष्मदर्शक आणून दिलं, साठपट मोठं दाखवणारं, आत छोटा दिवा असलेलं. मे महिना होता. तात्यांनी वरून चौथ्या पेंडीतलं एक बोंड काढून टाकलं, मोठ्या लिंबाएवढं. टोपीच्या कडेला तो पांढरा त्रिकोण होता, जेमतेम नखाएवढा. मी सुरीच्या टोकानं एकेक पाकळी उचकटली. ती सहज सुटत नाही, कडकड आवाज करून येते. आत बोंडाचं अंग हस्तिदंतासारखं, दमट, आणि त्यावर एका बाजूला फिकट तपकिरी डाग पसरलेला.

डोळा लावला. आधी नुसता उजेड. मग हात स्थिर झाला आणि ते दिसले. भाताच्या शितासारखे लांबुडके, पांढरट, किंचित पारदर्शक. शंभर असतील की पाचशे, मोजता येणं शक्य नव्हतं. पुढच्या टोकाला चार पाय वळवळत होते आणि बाकीचं अंग मागून फरपटत येत होतं. काही एका जागी उभेच्या उभे, शेपटी टेकवून, जणू कोणाची वाट बघत. मधे मधे काचेच्या मण्यांसारखी अंडी. मी श्वास सोडला आणि भिंगाची काच धुरकट झाली.

पुसून परत बघितलं तर त्या गर्दीतून एक वेगळाच प्राणी धावत गेला. यांच्यापेक्षा दुप्पट मोठा, चपटा, तांबूस, आणि आठ पायांचा. सरळ एका शितावर जाऊन थांबला. सुटला तेव्हा ते शित चुरगळलेलं होतं. हा भक्षक कोळी. कोळ्यांना खाणारा कोळी. याच्याबद्दल नंतर वाचलं आणि वाईट वाटलं. तो अंगानं मोठा असल्यामुळे कोवळ्या बोंडाच्या टोपीखाली सुरुवातीला त्याला शिरताच येत नाही. धाकटा आत जाऊन जखम करतो, त्या जखमेमुळे टोपी थोडी उचलली जाते, तेव्हा कुठे हा आत पोचतो. पोलीस नेहमी उशिरा येतात, म्हणतात ना. पण येतात तरी. आम्ही वर्षानुवर्षं मारलेल्या त्या दुहेरी औषधांनी यांचं काय केलं असेल, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आला.

आईंना बघायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा त्यांनी भिंगाला लावला, खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोरंबाळं पण आहेत की गो यांची." आणि आत चहा टाकायला गेल्या.

डागाळलेल्या नारळाचं नेमकं नुकसान किती, यावरून आमच्या घरात वाद. नवऱ्याचं म्हणणं, आत काही होत नाही, खोबरं तेच. आईंचं म्हणणं, अपशकुनी. मग मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. एकाच माडाच्या एकाच पाडणीतले तीन नारळ. स्वच्छ असलेल्याचं खोबरं निघालं ३०५ ग्रॅम. चौथाई अंगावर डाग असलेल्याचं २९०. आणि एक जो पूर्ण भेगाळून एका बाजूला वाकला होता, त्याचं १६५. चव तिन्हींची सारखी. मी, नवरा आणि समोरच्या वहिनी अशा तिघांनी डोळे मिटून खाल्लं. म्हणजे दोघंही थोडे बरोबर. थोड्या डागानं खोबऱ्याचं फारसं बिघडत नाही. पण फार लहानपणी जबर मार बसला तर नारळ खुरटतो किंवा बोंडंच गळतात, आणि जी गळाली ती वहीत कधी लिहिलीच जात नाहीत.

खरी पंचाईत सोलताना. चांगल्या नारळाचं सोडण (बाहेरची साल) पहारीवर तीन हिसक्यांत निघतं. डागाळलेल्याचं लाकडासारखं कवटीला धरून बसतं. सोलणारा गडी अशा नारळांना वेगळे पैसे मागायला लागला आणि त्याचं काही चूक नव्हतं, एकदा मी स्वतः दहा सोलून बघितले, खांदा दोन दिवस भरून होता. ते सोडण काथ्यालाही चांगलं नाही. आणि गिऱ्हाईक तर नारळ फोडून घेत नाही, बघून घेतं.

आता औषधाचं. केंद्रातल्या साहेबांनी मुळातून औषध द्यायची पद्धत सांगितली होती. हे ऐकल्यावर आईंनी घर डोक्यावर घेतलं. गावात कोणीतरी आधी जहाल काहीतरी मुळातून दिल्याचं त्यांच्या कानावर होतं. "ज्या माडाचं शहाळं आजाऱ्याला पाजायचं त्याच्या मुळाला विष बांधणार? मी असेपर्यंत नाही." मी कडुनिंबाचं आहे म्हणून सांगितलं. "मग कडू होईल." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी एक माड, आगराच्या पार टोकाचा, सुरूंना लागून असलेला, प्रयोगाला मिळाला. पंचेचाळीस दिवस त्याला हात लावायचा नाही असं ठरलं. दिवस पुरे झाल्यावर त्याचा अडसर (शहाळं आणि पक्का नारळ यांच्या मधला) फोडून पहिला घोट मी घेतला आणि आई माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. कडू नव्हता.

करतो आम्ही असं. आधी तयार नारळ सगळे पाडून घ्यायचे. खोडापासून अडीच-तीन फुटांवर हळू माती उकरायची, कुदळीनं नाही, खुरप्यानं आणि शेवटी बोटांनी. पेन्सिलीएवढं जाड, केशरी-पिवळसर, जिवंत मूळ शोधायचं. काळं पडलेलं नको, फार कोवळं पांढरंही नको. ते धारदार पात्यानं तिरकं कापायचं. प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत पाच टक्के अझाडिरॅक्टिनचं (हेच ते कडुनिंबाचं) साडेसात मिलिलिटर औषध आणि तेवढंच पाणी घ्यायचं, मुळाचं टोक तळाला टेकेल असं आत सोडायचं, आणि तोंड सुतळीनं बांधून माती हलकी लोटायची. मूळ चांगलं असेल तर दिवस-दोन दिवसांत पिशवी कोरडी. वर्षातून तीनदा. याखेरीज आळ्यात दर माडाला ५० किलो शेणखत आणि ५ किलो निंबोळी पेंड, आणि उन्हाळ्यात शिंपणं चुकवायचं नाही. उपाशी माडाला कोळी जास्त जाचतो, हे मी आमच्याच आगरात बघितलंय. विहिरीजवळच्या माडांना डाग कमी, कोपऱ्यातल्यांना जास्त. पडलेली बोंडं आम्ही गोळा करून जाळतो. आधी ती पोरं क्रिकेटला वापरायची.

कोळी गेला का? नाही. जाणार नाही. शेजारच्या आगरात आहे, त्याच्या शेजारच्यात आहे आणि वारा समुद्रावरून रोज येतो. पावसात जरा दबतो, मार्चपासून पुन्हा डोकं वर काढतो. पण वहीत बघितलं तर बाजूला काढलेल्यांचा आकडा निम्म्यावरून शेकड्याला पंधरा-वीसवर आलाय, आणि मी फवारणीचा पंप विकून टाकला. केरळच्या कासारगोडच्या संस्थेनं कोळ्याला बऱ्यापैकी दाद न देणारी कल्पहरिता नावाची जात काढलीय. पडलेल्या दोन माडांच्या जागी लावायची म्हणते. नवरा म्हणतो, बाणवलीच लाव, फळ धरेल तेव्हा तू सत्तरीत असशील, तुला डाग दिसणार आहेत का?

तात्या आता चढत नाहीत. त्यांचा पुतण्या शिडीच्या यंत्रावरून चढतो आणि वरून फोनवर फोटो काढून मला पाठवतो. "काकू, पाचव्या पेंडीत त्रिकोण आहे." हा शब्द त्यानं माझ्याकडूनच उचलला. गेल्या पाडणीला ओटीवर आई होत्या, चौऱ्याऐंशीच्या. ढीग अजून तेच लावतात, पण आता चार. चौथा ढीग डागवाल्यांचा, त्यातले आम्ही घरी खोबरेल काढायला घेतो. एक नारळ हातात घेऊन त्या बराच वेळ फिरवत बसल्या. टोपीखाली करंगळीएवढा डाग होता. मग इकडेतिकडे बघून तो देवाच्या ढिगात ठेवला. मी वहीत काही लिहिलं नाही.

परवा ऑक्टोबरची फेरी केली. अकरा माडांना पिशव्या बांधल्या. आज सकाळी जाऊन उकरून बघितल्या तर नऊ कोरड्या, दोन तशाच भरलेल्या. एका मुळाचं टोक वर राहिलं होतं, औषधाला टेकलंच नव्हतं. दुसरं मूळ मेलेलं निघालं, परवा घाईत अंधारात कापलं होतं. आता उद्या पुन्हा खुरपं घेऊन बसायचं.